स्ट्रक्चरल ऑडिटवाल्यांचा अनुभव : काम चोख, कागद कच्चा
★★★½

धरमपेठेतली आमची बिल्डिंग १९९१ची. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्थैर्य प्रमाणपत्र मनपाला द्यावं लागतं, हे अर्ध्या लोकांना गेटवर नोटीस चिकटली तेव्हा कळलं. इंजिनिअर मनपाकडे नोंदणी असलेलाच लागतो. त्यासाठीच्या मजबुतीच्या तपासणीची, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटची, कोटेशनं मागवली, मधलं घेतलं. फ्लॅटमागे चार हजार पडले.

माणसं कामाची निघाली. नुसतं भिंतीवर ठोकून ‘मजबूत आहे जी’ म्हणणारी नाही. हॅमर, अल्ट्रासॉनिक, सगळ्या चाचण्या झाल्या. पण मला पटलं ते कूलरच्या छज्ज्यावरचं काम. नागपूरचा उन्हाळा, प्रत्येक खिडकीला कूलर, अन् त्याचं पाणी वर्षानुवर्षं त्याच छज्ज्यावर ठिबकत राहतं. त्यांच्या पोरानं प्लास्टर फोडून ताज्या उघड्या केलेल्या काँक्रीटवर औषध फवारलं. पार्किंगच्या कॉलमला मगाशी छान गुलाबी रंग आला होता. इथे काही म्हणजे काहीच नाही. रंग येत नाही तिथे काँक्रीटचा क्षारपणा संपलेला असतो, मग आतली सळई गंजायला मोकळी. सळईचे पापुद्रे नखानं निघत होते. ‘उगाच घाबरवून राहिले तुम्ही’ म्हणणाऱ्या वरच्या काकूंनी त्याच संध्याकाळी कूलर उतरवला.

तारे कापले ते रिपोर्टसाठी. जाडजूड इंग्रजी बाड, फोटोखाली फ्लॅट नंबर नाही. शेरा ‘सी-२बी’. म्हणजे घर रिकामं न करता दुरुस्ती, हे झोन ऑफिसातल्या कनिष्ठ अभियंत्यानं समजावलं. पैसे घेणाऱ्यानं नाही!

दुसरं दुखणं पैशाचं. आमची सोसायटी नाही, १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालची असोसिएशन आहे. सामाईक खर्च डीडमधल्या, म्हणजे नोंदणीच्या दस्तातल्या, हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटायचा. खालचे दुकानदार म्हणतात, छज्जे तुमचे, तुम्ही बघा. मनपा नोटीस देते, रिपोर्ट घेते. वर्गणी गोळा करायला थोडीच येणार? अशा वेळी सामाईक काम किती अन् ज्याचं त्याचं किती, हे रिपोर्टातच वेगळं असतं तर मीटिंगमधली अर्धी भांडणं वाचली असती. तुम्ही कोणालाही काम द्या, वर्क ऑर्डरमध्ये हे अन् मराठी सारांश आधीच लिहून घ्या.

दुरुस्तीची देखरेख आम्ही यांनाच दिली आहे. ऑडिटचा शेवटचा हप्ता मात्र फ्लॅटवार यादी हातात आल्यावरच देऊ.