हॅना कॉपर चेकर एचआय ७०२: नव्या माशांच्या विलगीकरणासाठी वापरून पाहिल्यानंतर

सोलापुरात खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणे हा मुळातच हट्टाचा उद्योग आहे. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, ते इतके जड असते की आरओ यंत्रातून काढल्याशिवाय त्यात मीठ कालवता येत नाही, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की टँकवर पंखा लावून बसावे लागते. एवढे सगळे करूनही दोन वर्षांपूर्वी माझ्या टँकमधले सर्व मासे चार दिवसांत गेले, ते मात्र उन्हाने नव्हे. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या खोक्यात आलेली क्लाऊनफिशची जोडी मी विक्रेत्याच्या ‘पंधरा दिवस आमच्याकडे आहेत, एकदम फिट’ या शब्दावर थेट मोठ्या टँकमध्ये सोडली होती. तिसऱ्या दिवशी टॉर्चच्या तिरप्या उजेडात त्यांच्या अंगावर पिठीसारखी सोनेरी धूळ दिसली, मासे पंपाच्या झोतासमोर तोंड करून धापा टाकू लागले, आणि तो वेल्व्हेट, म्हणजे सूक्ष्म परजीवीमुळे होणारा रोग आहे हे मला कळेपर्यंत उशीर झाला होता. दुकानांतल्या टँकमध्ये अनेकदा तांब्याची हलकी मात्रा कायम ठेवलेली असते. तिने परजीवी मरत नाहीत, फक्त दबून राहतात, आणि मासा स्वच्छ पाण्यात आला की उसळतात, हेही नंतर समजले.

तेव्हापासून प्रत्येक नवा मासा तीस दिवस वेगळ्या टँकमध्ये तांब्याच्या औषधात राहतो, आणि त्या तीस दिवसांचा सगळा भरवसा ज्या उपकरणावर आहे त्याविषयी, म्हणजे पाण्यातले तांबे मोजणाऱ्या एचआय ७०२ विषयी, हे लिहीत आहे. औषधाविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. मोजण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

मरीन इच (अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग) किंवा वेल्व्हेटचा परजीवी माशाच्या कातडीत असताना तांब्याला दाद देत नाही. तळाशी पुटी करून बसल्यावरही देत नाही. पुटी फुटून नवा मासा शोधत पोहणारी जी अवस्था असते, फक्त तिलाच तांबे मारते, म्हणून मात्रा एक दिवसही खाली येऊन चालत नाही. मी वापरतो त्या चिलेटेड, म्हणजे संयुगात बांधलेल्या तांब्यासाठी ती २.० ते २.५ पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) धरतात. त्याखाली उपचार होत नाही आणि बरेच वर गेल्यास मासा खाणे सोडतो. साध्या, आयनिक तांब्याचा पल्ला याच्या दशांशाहून कमी आहे, त्यामुळे एका औषधाचा आकडा दुसऱ्याला लावणे हा सरळ घात ठरतो.

आधी माझ्याकडे थेंब टाकून रंग जुळवायचे किट होते. ट्यूबलाइटखाली १.५ आणि २.० यांच्या रंगांत मला कधीच फरक दिसला नाही, घरातल्या चौघांनी चार उत्तरे दिली. एचआय ७०२ मध्ये हा वाद संपतो. काचेच्या छोट्या कुपीत १० मिलिलिटर पाणी घ्यायचे, ते यंत्रात ठेवून शून्य लावायचे, मग त्याच कुपीत भुकटीची पुडी रिकामी करून हलवायचे, पुन्हा ठेवायचे आणि बटण दाबून धरायचे. उलटी मोजणी संपली की ०.०० ते ५.०० पीपीएमच्या दरम्यानचा आकडा पडद्यावर येतो. चिलेटेड तांबेही ते मोजते. अचूकता अधिक-उणे ०.०५ आणि वर वाचनाच्या ५ टक्के अशी दिलेली आहे, म्हणजे २.२५ या आकड्याला सुमारे ०.१६ चा ढिलेपणा आहे. त्यामुळे मी २.० वर समाधान मानत नाही, २.२५ ते २.४० च्या दरम्यान ठेवतो.

यंत्राची एक अट आहे, ती म्हणजे हात स्वच्छ हवेत. पहिल्या खेपेच्या नवव्या दिवशी पडद्यावर एकदम २.९५ आले. घाबरून मी चतुर्थांश पाणी बदलले आणि नव्या पाण्यात औषध घातलेच नाही. तासाभराने कुपी उजेडात धरली तेव्हा बाहेरून मिठाच्या ओघळाचा पांढरा डाग आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसला. कुपी धुऊन, मऊ कापडाने पुसून पुन्हा मोजले तर १.७०, म्हणजे मुळात मात्रा २.२५ च्या आसपास बरोबरच होती, ती मीच बिघडवली होती. तीस दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. आता आकडा अनपेक्षित आला की आधी कुपी पुसतो, दुसरी पुडी फोडतो आणि मगच टँकला हात लावतो.

पुड्यांच्या डब्यात पंचवीस असतात. पहिला आठवडा रोज आणि पुढे एक दिवसाआड मोजले तर एका खेपेला एकोणीस लागतात. उरलेल्या सहा अशा चुकांसाठी. पुड्या येथे कोणत्याच दुकानात मिळाल्या नाहीत, मागवाव्याच लागतात, म्हणून मासे सांगण्याआधी डबा सांगावा.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे यंत्र अधिकच उपयोगी पडते. पंख्याखाली माझ्या साठ लिटरच्या टँकमधून दिवसाला दोन लिटर पाणी उडते. पाणी जाते, मीठ आणि तांबे मागे राहते, म्हणून भर फक्त आरओच्या गोड पाण्याची घालायची. उलट, अमोनिया वाढला म्हणून पाचवा हिस्सा पाणी बदलले आणि औषध विसरले, तर २.२५ चे १.८० होते. अमोनियासाठी बाटलीतले कंडिशनर मात्र तांब्याबरोबर घालू नये, त्यातल्या काहींमुळे तांबे माशाला विषारी होते. मोठ्या टँकच्या संपमध्ये (त्याला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) महिनाभर ठेवलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढेच आत असावे. दगड आणि प्रवाळाची वाळू तांबे शोषून घेतात, मग आकडा रोज घसरतो आणि कारण सापडत नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. उपचार संपल्यावर कार्बन टाकून तांबे काढले आणि पडद्यावर ०.०० आले, तरी ते पाणी कोळंबी किंवा प्रवाळांच्या टँकमध्ये ओतू नये, कारण त्यांना घातक ठरणारी सूक्ष्म मात्रा या यंत्राच्या ढिलेपणातच दडून राहते. शिवाय क्लाऊनफिशवर येणारा ब्रुकलिनेला आणि फ्लूक या दोन इतर परजीवींना तांबे लागू पडत नाही. पहिल्याला फॉर्मॅलिन आणि दुसऱ्याला प्राझिक्वांटेल लागते, तिथे हा आकडा कितीही सुबक आला तरी कामाचा नाही.

सध्या विलगीकरणात कोरल ब्युटी जातीची एक मासळी आहे, आज तिचा बाविसावा दिवस. सकाळी २.३१ होते, दुपारी तिने नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा तुकडा ओढून नेला. डब्यात पाच पुड्या उरल्या आहेत, नवा डबा कालच सांगितला.