काठी घेताना: खोक्यावरचं वय आणि हातातली उंची

सर्जिकल दुकानात गुडघ्याचा पट्टा निमूटपणे घेतला जातो, कारण तो पँटच्या किंवा साडीच्या आत जातो. काठीचं नाव निघालं की 'आत्ता नको, बघू पुढे'. काठी चारचौघांत दिसते. जिन्यात, देवळात, भाजीवाल्यासमोर कालपर्यंत 'काका' म्हणणारे तिला बघून 'आजोबा, जपून' म्हणायला लागतात. एसटीत अर्ध्या तिकिटासाठी पासष्टीचं आधार कार्ड खिशातून झटकन निघतं, कारण ते कंडक्टर एकदा बघतो आणि विषय संपतो. काठी दिवसभर वय सांगत फिरते. म्हणून या परीक्षणात प्रत्येक काठीला पहिला प्रश्न एकच: माणूस ती घराबाहेर काढेल का? दाराआड उभ्या केलेल्या काठीचा भक्कमपणा कुणाच्या कामाचा?

खोकी याला मदत करत नाहीत. पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं आणि वर 'सीनियर' किंवा 'एल्डर केअर'. घोटा पंचेचाळिसाव्या वर्षीही मुरगळतो आणि ऐंशीच्या कित्येक जणांना काठी लागत नाही, पण खोक्याला ते कोण सांगणार? दुकानातून काठी खोक्याबाहेर काढूनच घरी न्यावी. नातवंडांनी वाढदिवसाला गुंडाळून देऊ नये, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

सगळ्यात जास्त चुका उंचीत होतात. रोजची चप्पल किंवा बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि मनगटाच्या आतल्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यायचं. काठीच्या मुठीचा वरचा भाग तिथं आला पाहिजे. काठी धरल्यावर कोपर १५ ते ३० अंशात वाकतं. काठी उंच झाली तर खांदा कानाकडे चढतो आणि दोन दिवसांत मान धरते. बुटकी झाली तर माणूस वाकून चालतो, आणि ज्या दिसण्याची धास्ती होती तेच दिसणं काठी त्याला बहाल करते. काठीनं म्हातारं दिसतो ही तक्रार बऱ्याचदा खरी असते, पण त्यात दोष काठीची उंची ठरवणाऱ्या, दोन भोकं चुकून बसलेल्या खिट्टीचा असतो.

ढोबळ हिशेब म्हणजे उंचीच्या निम्म्याच्या आसपास. पाच फूट चार इंच माणसाला साधारण ८० ते ८२ सेंटिमीटर. आता पिशवीत मावणारी घडीची काठी बघा. पर्समधून काढली की उघडते, काम झालं की गायब, त्यामुळे लाजणाऱ्यांची पहिली पसंती हीच. पण यातल्या बऱ्याच काठ्या ८२-८३ सेंटिमीटरच्या खाली उतरतच नाहीत. चार फूट दहा इंच बाईंना लागते ७३-७५ ची. म्हणजे ज्यांना ती सर्वात आवडते त्यांनाच ती बसत नाही. ऑनलाइन मागवताना चित्र सोडून 'किमान उंची' आधी वाचावी. घडीच्या काठीचा दुसरा दोष सांध्यांत आहे. आतली लवचीक दोरी सैल पडली की तुकडे पूर्ण बसत नाहीत आणि पावलागणिक खडखड होते. कधीमधी डॉक्टरकडे किंवा लग्नाला जाताना ठीक, रोजच्या चालण्याला नाही.

रोजच्यासाठी आमचा कौल साध्या, घडी न होणाऱ्या, उंची बदलणाऱ्या अॅल्युमिनियमच्या काठीला. वजन ३०० ते ४०० ग्रॅम, इंचा-इंचावर भोकं, स्प्रिंगची खिट्टी. खिट्टी भोकातून पूर्ण बाहेर आली पाहिजे. अर्धी अडकलेली काठी भार पडला की सर्रकन आत जाते. खिट्टीखालची आवळायची चकती घट्ट केली की खडखड थांबते. नवी काठी वाजते म्हणून परत करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही चकती फिरवलेलीच नसते. रंग मात्र काळा, तपकिरी किंवा लाकडी छटेचा घ्यावा. चकचकीत चंदेरी काठी थेट वॉर्डातून आल्यासारखी दिसते आणि ती बाहेर निघत नाही.

मूठ छत्रीसारखी वाकडी असेल तर मनगटाला टांगायला सोय, पण भार दांड्याच्या रेषेबाहेर पडतो आणि जोर दिला की काठी किंचित वळते. हंसाच्या मानेसारखा बाक दिलेली मूठ दिसायला थोडी 'दवाखानी', पण भार सरळ दांड्यावर आणते. बोटांत संधिवात असेल तर तळहाताच्या आकाराची रुंद मूठ घ्यावी. ती डाव्या-उजव्या हाताची वेगळी मिळते. दुकानदार जी हाताला लागेल ती देतो, तेव्हा धरून बघा.

वेताची किंवा शिसवी लाकडाची काठी हातात असली की माणूस रुबाबदार दिसतो हे खरं. घरातले विरोध करणारे आजोबासुद्धा ही घेतात. अट एकच: ती मापाला कापून घ्यायची. कापताना अर्धा इंच राखून कापावी, कारण लाकूड परत वाढत नाही.

चार पायांची काठी पक्षाघातानंतर किंवा तोल फारच जात असेल तेव्हाच. ती साध्या काठीच्या दुप्पट जड असते. चारही पाय एकदम टेकले तरच आधार; खडबडीत पदपथावर दोनच टेकतात आणि ती डुगडुगते. चाळीच्या अरुंद पायरीवर तिचा तळ मावत नाही. तळाची सपाट बाजू शरीराकडे हवी, नाहीतर बाहेर आलेल्या पायात आपलाच पाय अडकतो. हात बदलला तर तळ फिरवून घ्यावा लागतो.

आता पळवाटा. पहिली छत्री. जानेवारीच्या उन्हात लांब दांड्याची छत्री घेऊन फिरणारे गृहस्थ गावोगावी दिसतात आणि कारण सगळ्यांना माहीत असतं. छत्रीचं टोक धातूचं किंवा प्लॅस्टिकचं, दांडा बारीक, उंची ठरलेली. ओल्या शहाबादी फरशीवर ती पहिल्यांदा घसरते. दुसरी पळवाट ट्रेकिंग पोल, आणि तिच्याबद्दल आमचं मत मवाळ आहे. तीच नळी, तोच धातू, फक्त 'डोंगर चढणाऱ्याचा' शिक्का. त्यामुळे सत्तरीतले लोक तो अभिमानानं मिरवतात. नुसता तोल सावरायचा असेल तर खुशाल घ्या, टोकाला रबरी टोपी चढवून. गुडघ्यावरचा भार कमी करायचा असेल तर नको: त्याची उभी मूठ तळहाताला टेकू देत नाही, सगळा जोर मनगटाच्या पट्ट्यावर येतो.

टॉर्च, भोंगा, रेडिओ असलेली 'ज्येष्ठ स्पेशल' काठी घेऊ नका. वजन वाढतं, सेल संपतो आणि वयाची जाहिरात तेवढी जोरात होते.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. डावा गुडघा दुखतो तर काठी उजव्या हातात, आणि डावं पाऊल व काठी एकाच वेळी पुढे. दुखऱ्या बाजूलाच काठी धरणं स्वाभाविक वाटतं, म्हणून बरेच लोक तसंच धरतात. त्यानं शरीर त्याच बाजूला झुकतं आणि सांध्यावरचा ताण उतरत नाही. जिना चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा आणि काठी. उतरताना आधी काठी आणि दुखरा, मग चांगला. कठडा असेल तर दुसरा हात त्यावर हवाच.

पैशाचं बोलायचं तर सरकारी शिक्के इथंही वेगवेगळे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून अल्प उत्पन्न गटातल्या ६० वर्षांवरच्यांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र अशी साधनं देते. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. ती ६५ वर्षांवरच्यांसाठी, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर ३,००० रुपये एकदाच खात्यात जमा करते. म्हणजे बासष्टीचा माणूस दिल्लीच्या लेखी ज्येष्ठ आणि मुंबईच्या लेखी अजून तीन वर्षं तरुण. खात्यातल्या पैशाचा एक फायदा नक्की: मूठ, उंची, रंग आपण निवडतो. शिबिरात हातात ठेवलेली काठी मापाची निघेलच असं नाही. घरी येऊन खिट्टी लगेच तपासावी.

शेवटी खालचं रबर. काठीतला सर्वात स्वस्त भाग हाच आणि पडायला कारणही हाच. तळाच्या गोल खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की बदलायचं, रोज बाहेर जाणाऱ्यांनी पावसाळ्याआधी न चुकता. फार झिजलं तर नळीची कड रबर फोडून बाहेर येते आणि टाइल्सवर धातू टेकतो. नवं रबर नळीच्या बाहेरच्या व्यासाचं लागतं, बहुधा १९ मिलिमीटर, पण १६ आणि २२ चंही असतं. सैल रबर चिखलात अडकून मागे राहतं. दुकानात काठीच घेऊन जा आणि एकदम दोन रबरं घ्या. एक पिशवीत राहू द्या.