भिंतीवरचं वारली चित्र, नऊ महिन्यांनंतर: पैसे कसे ठरले, काम कसं झालं

गेल्या नोव्हेंबरात आम्ही बोरिवलीच्या घरातली हॉलची एक भिंत डहाणूकडच्या वारली चित्रकाराकडून रंगवून घेतली. आठ फूट रुंद, पाच फूट उंच. आता ऑगस्ट चालू आहे. उन्हाळा गेला, बराचसा पावसाळाही गेला, तेव्हा आता खात्रीने लिहिता येईल. चित्र सुंदर झालंय, पण मला जास्त सांगायचंय ते पैशांबद्दल. चित्र असं उतरलं ते बऱ्याच अंशी पैसे नीट ठरले म्हणून.

तीन वर्षांपूर्वी एका सजावटीच्या दुकानातून नऊ हजारांची वारली फ्रेम आणली होती. वर्षभरात रंगाचे टवके उडाले. दुकानात गेले तर उत्तर मिळालं, ‘कुणी काढलंय ते आम्हाला माहीत नाही, माल एकगठ्ठा येतो.’ चित्रावर सहीही नव्हती. या वेळी थेट चित्रकारालाच गाठायचं ठरवलं. ओळखीच्या एका शिक्षिकेने नंबर दिला.

फोनवर माझा पहिलाच प्रश्न: ‘दादा, स्क्वेअर फुटाला काय घेता?’ बाजारात असाच भाव चालतो. ते म्हणाले, ‘फुटावर पण करतो ताई, पण मग माणसं कमी येतील.’ मला आधी उमगलं नाही. दोन झाडं आणि चार बैल काढले तरी चाळीस फूट, आणि तारप्याच्या (वारलींचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाचात ऐंशी माणसं गुंफली तरी चाळीस फूटच. भाव फुटाचा असला की भिंत मोकळी राहते. दोष चित्रकाराचा नसतो, त्यालाही दिवसाचा हिशोब बसवायचा असतो.

म्हणून दिवसावर ठरवलं. दादांचे रोजचे 2,500, सोबत येणाऱ्या पुतण्याचे 1,200, पाच दिवस. म्हणजे 18,500. रंग आणि प्रायमरचे 2,300, डहाणू लोकलचं येणं-जाणं आणि स्टेशनवरून रिक्षा मिळून 700. एकूण 21,500. राहणं-जेवण आमच्याकडे. 7,000 इसार म्हणून आधी, 7,000 तिसऱ्या दिवशी, उरलेले काम संपल्यावर. आईने सवयीने ‘शेवटचं किती?’ विचारलं. दादा काही बोलले नाहीत, नुसते भिंतीकडे बघत राहिले. ती शांतता मला फार लागली. रोजचे 2,500 ऐकून ज्यांना जास्त वाटतं त्यांनी आपल्या शहरात चांगला सुतार किंवा प्लंबर दिवसाला काय घेतो ते आठवावं. आणि ही कामं दादांना महिन्याचे तीसही दिवस मिळत नाहीत.

तारीखही त्यांच्या सोयीने घेतली. ते शेतकरी आहेत. भात कापून, झोडून घरात आलं की मगच बाहेरचं काम. मला दिवाळीआधी हवं होतं, पण थांबले आणि ते बरंच झालं. मागे घाई लागलेली नसली की हात वेगळा चालतो.

पहिला दिवस घासण्यात आणि गेरूच्या रंगाचे दोन हात देण्यात गेला. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग फ्लॅटच्या भिंतीवर टिकत नाही, पुसला जातो, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून पांढरा अ‍ॅक्रिलिक घेतला. बारीक रेघांसाठी मात्र बांबूची काडीच, टोक चावून कुंच्यासारखं केलेली. तारपा वाजवणारा आधी मधोमध आला, मग त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वेटोळी रांग बाहेर बाहेर उलगडत गेली. पेन्सिलीची एक खूण नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून अंग, वर गोल डोकं, बाईला अंबाडा. शेवटचा माणूस बरोबर भिंतीच्या कडेपाशी येऊन थांबला.

मी मधोमध लग्नचौक मागितला होता, पालघाट या लग्नाच्या देवीसह. दादांनी नाही म्हटलं. तो लग्नघरात सुवासिनी विधीने काढतात, सोफ्यामागे काढायला त्यांचा हात धजत नव्हता. पुरुष रोजच्या विषयांवर कागदावर चित्रं काढू लागले ते 1970च्या दशकात, त्यांच्याच तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसेंपासून. 2011मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे दादांनी काम करता करता मोठ्या अभिमानाने सांगितलं. चौकाऐवजी मी माझ्या आजीचं जातं मागितलं. पाचव्या दिवशी आणखी बाबांची सायकल सुचली. त्याने एक दिवस वाढला, त्याचे 3,700 वेगळे दिले. बदल माझा, तेव्हा दिवसही माझाच. सगळे मिळून 25,200.

कागद एकच पान केला, पण केला. आपल्याकडच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालकी हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. मला हे आधी माहीत नव्हतं आणि कळल्यावर पटलंही नाही. म्हणून लिहून दिलं: भिंत आमची, नक्षीचा हक्क दादांचा, कोपऱ्यात त्यांची सही. मार्चमध्ये शेजारच्या सोसायटीला या चित्राचा फोटो निमंत्रणपत्रिकेवर हवा होता. मी दादांचा नंबर दिला. त्यांनी 3,000 घेऊन नवीन चित्र काढून दिलं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर पांढरा रंग जसाच्या तसा आहे. आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने पुसते. जूनअखेर मात्र डाव्या खालच्या कोपऱ्यात ओल आली, पलीकडे बाथरूम आहे. वीतभर पोपडे सुटून दोन बैलांचे पाय गेले. चूक आमची, आधी वॉटरप्रूफिंग करून घ्यायला हवं होतं. डागडुजीचं कागदावर लिहिलं नव्हतं, हीही माझीच राहून गेलेली गोष्ट. तुम्ही लिहा. सोफा ठेवल्यावर खालचा फूटभर भाग झाकला जातो, तेही आधी मापून घ्या.

फोटो पाठवला तेव्हा दादा भाताच्या आवणीच्या चिखलात होते. संध्याकाळी फोन आला: ‘आत्ता हात लावू नका ताई. पाऊस सरू द्या, भिंत सुकू द्या, भात घरात आलं की येतो.’ एका दिवसाचे पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत. प्लंबर पुढच्या सोमवारी येतोय.