लेड झेपलिनचा ‘कोडा’, तीन सीडीवाला सेट: बॉनहॅमसाठी तरी घ्याच

लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या फॅन लोकांमध्ये सगळ्यात कमी लाड कुठल्या अल्बमचे होत असतील तर ‘कोडा’चे. 1982 ला आला, तोवर बँड बंद पडून दोन वर्षं होत आलेली, आत सगळं आधी रेकॉर्ड करून बाजूला ठेवलेलं मटेरियल, फक्त आठ गाणी. उरलंसुरलं विकलं असं म्हणून लोक सोडून देतात. पण 2015 ला बँडचा गिटारवाला जिमी पेजनं सगळं रीमास्टर करून (जुन्या टेपांचा आवाज नव्यानं साफ करून) तीन सीडींचा जो सेट काढला ना, 15 जादा ट्रॅकवाला, तो ऐकल्यावर माझं तर ठाम मत झालंय की हा बँड काय होता ते कळायला याच्यासारखी दुसरी वस्तू नाही.

कारण यात ड्रमवाला जॉन बॉनहॅम समोर येतो. पेज आणि गायक प्लांटचं नाव सगळे घेतात, बेसवाल्या जोन्सचं थोडे लोक घेतात, पण बँडची लय ड्रमवाल्याच्या हातात होती आणि पायातही. 1969 च्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ हेडफोन लावून ऐका, बेसड्रमवर एका पायानं, एकाच पेडलवर, जे झटपट ट्रिपलेट, म्हणजे तीन-तीनच्या हिशोबातले ठोके, वाजवलेत ते ऐकून आपल्याकडचा कुठलाही तबलावाला मान डोलावेल. आम्ही घरात ख्याल ऐकत वाढलेली मंडळी, गाणं कसंही असो सम चुकली की इथे पहिलं लक्ष तिकडेच जातं. त्यामुळे ‘कश्मीर’ मला पहिल्यांदा आवडलं ते हिशोबासाठी: रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा तुकडा, तीन-तीनच्या गटात फिरतो, बॉनहॅम मात्र सरळ चार धरून बसलेला, आणि बारा मात्रांनी दोघं समेवर भेटतात, परत सुटतात, परत भेटतात. प्लांटनं ते शब्द मोरोक्कोतल्या वाळवंटी रस्त्यावर लिहिले, तेव्हा काश्मीर पाहिलेलंही नव्हतं, पण गाण्याचं काही बिघडलं नाही.

आता सेटबद्दल. पहिली सीडी म्हणजे मूळ अल्बम, त्यात ‘बॉन्झोज माँत्रू’ हा 1976 चा नुसता ड्रमचा तुकडा आहे, वर पेजनं इलेक्ट्रॉनिक इफेक्ट टाकलेत, ते मला जरा जास्तच वाटतात. दुसऱ्या सीडीवर त्याच तुकड्याचं मिक्स कसं रचत नेलं ते आहे, मला तर हेच जास्त आवडतं. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चं आधीचं रूपही इथेच सापडतं. चौथ्या अल्बमवरच्या पक्क्या गाण्यासाठी हेडली ग्रेंज या जुन्या घरात जिन्याच्या तळाशी ड्रम मांडले आणि माइक दोनच, तेही वरच्या मजल्यावरून खाली सोडलेले, त्यामुळे प्रत्येक ठोका अख्ख्या घरातून घुमून आल्यासारखा लागतो. दोन्ही लागोपाठ ऐका, जागेनं आवाज किती बदलतो ते लगेच कळतं.

तिसरी सीडी आपल्या लोकांसाठी. 1972 मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि तिथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा रेकॉर्ड केली, इतकी वर्षं ती बूटलेगवरच, म्हणजे चोरून काढलेल्या प्रतींवरच, फिरत होती, इथे पहिल्यांदा रीतसर आली, ‘फोर स्टिक्स’चं नाव बदलून ‘फोर हँड्स’. गायन नाही. मूळ ‘फोर स्टिक्स’मध्ये बॉनहॅमनं दोन्ही हातात दोन-दोन काठ्या धरून पाच आणि सहाचा आलटून पालटून ठेका वाजवलाय, तो जोर मुंबईवाल्यात नाही हे खरं आहे, आणि एक-दोन जागी वादक गाण्यात अजून मुरायचेत असंही वाटतं. पण ‘फ्रेंड्स’ मात्र मूळच्या बरोबरीनं उभं राहतं, माझ्या कानाला तर वरचढच. बाकी या सीडीवरचे दोन-तीन ट्रॅक कच्चे आहेत, एकदा ऐकून पुरतात.

25 सप्टेंबर 1980 ला बॉनहॅम गेला, वय फक्त 32. डिसेंबरमध्ये बाकीच्यांनी जाहीर केलं की आता पुढे चालणार नाही. दुसरा ड्रमर आणून स्टेडियम भरता आले असते, कोणी नावं ठेवली नसती, तरी नाही केलं आणि मला या लोकांबद्दल सगळ्यात जास्त आदर याचाच आहे. 2007 ला लंडनला एका रात्रीपुरते एकत्र आले तेव्हा ड्रमवर त्याचाच मुलगा जेसन होता.

नव्या माणसानं मात्र इथून सुरुवात करू नका. आधी चौथा, मग ‘फिजिकल ग्राफिटी’, जमलं तर ‘प्रेझेन्स’ (तो म्युनिकला तीनेक आठवड्यांत उरकलाय, प्लांट तेव्हा अपघातानंतर व्हीलचेअरवर होता, तरी ‘अकिलीस लास्ट स्टँड’ बघा कसलं धावतं), आणि मग हा सेट. मोबाइलच्या स्पीकरवर तर अजिबात नको, बेसड्रम निम्मा गायब होतो.