बेळगाव कॅम्पातली काळी ट्रंक : कसम परेडला जाणाऱ्या आईबापांसाठी

बेळगावच्या कॅम्प भागात एक अरुंद दुकान आहे. पाटीवर मालकाचं नाव नाही, ‘ट्रंक, होल्डॉल, मच्छरदाणी’ एवढंच रंगवलंय (होल्डॉल म्हणजे बिछाना गुंडाळून न्यायची पट्ट्यांची पिशवी). मुलाची कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर शपथ घ्यायचं संचलन, झाली त्या दिवशी तिथून आम्ही त्याच्यासाठी काळी ट्रंक घेतली. ३० इंच लांब, १८ इंच रुंद, ९ इंच उंच, पत्रा २२ गेजचा (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप). नाव आणि नंबर रंगवून २,२०० रुपये पडले. ज्यांची मुलं मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग पुरं करतायत त्यांनी ही ट्रंक बिनधास्त घ्यावी. कुलूप मात्र तिथलं घेऊ नये. त्याचं कारण पुढे येईलच.

माझं माणगावला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शटर, जिने, टाक्यांचे स्टँड हे रोजचं काम. पत्र्याची कड बोटात धरली की गेज कळतो, त्यामुळे पत्र्याच्या वस्तूत मला सहसा कोणी फसवू शकत नाही. मुलगा भरतीची तयारी करत होता तेव्हा वर्कशॉपच्या मागे दीड इंची पाइपाचा पुलअप्सचा बार मीच वेल्ड करून दिला होता. भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारली तर ६० मार्क, दहा पुलअप्सला ४०. पोरगा पहाटे महामार्गाच्या कडेनं पळून यायचा आणि घामेजल्या हातांनी बारला लटकायचा. पकड घसरायची म्हणून पाइपावर मी खरखरीत पट्टी बसवली. त्याच्या तयारीत माझ्या हातचं जे काही होतं ते एवढंच. पुढचं सगळं त्यानं केलं आणि सेंटरच्या उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, करून घेतलं.

म्हणून ट्रंकही मीच बनवणार होतो. पत्रा घरचा, वेल्डिंग घरचं. पण रविवारच्या फोनवर पोरगा म्हणाला, “बाबा, बनवू नका. इथं सगळ्यांच्या सारख्याच असतात, साइज ठरलेला आहे. परेडनंतर बरोबर जाऊन घेऊ.” मला हे पटलं. सगळ्यांच्या रांगेत आपलीही तशीच असावी, हे त्याला सात महिन्यांत कळलं होतं.

आता मालाविषयी. बाजारात ज्या स्वस्त पेट्या मिळतात त्या बहुतेक २४ गेजच्या असतात, म्हणजे पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या वर. (गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नवख्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं.) अशा पेटीचं झाकण मधोमध दाबलं तर टप्प असा आवाज होऊन आत जातं. २२ गेज म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर. या पेटीवर पोरगा बूट घालून उभा राहिला, झाकण हललं नाही. २० गेज घेतला असता तर आणखी दणकट झाली असती, पण रिकाम्या पेटीचंच वजन नऊ-दहा किलोवर गेलं असतं. ही आठाच्या आसपास आहे. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं, त्यातलं पेटीनंच किती खायचं याचा हिशोब जवानाला करावा लागतो. दुकानदारानं हा हिशोब मी विचारायच्या आधी सांगितला.

उंचीही त्यानंच ठरवली. मी १२ इंची बघत होतो, जास्त माल मावेल म्हणून. तो म्हणाला, “पाहुणं, रेल्वेचा नियम १०० सेंटिमीटर, ६० आणि २५ चा हाय. बारा इंची बर्थखाली जाईना झाली की पोरगं दाराशी पेटीवर बसून जम्मूपर्यंत जातंय. नऊची घ्या.” आमच्या वर्कशॉपला गिऱ्हाईक जे माप सांगेल ते आम्ही बनवून देतो. वस्तू पुढे कुठून कुठे जाणार आहे याचा इतका विचार करणारा दुकानदार मी कमी पाहिलाय.

जोडकाम चांगलं आहे. कोपरे वेगळ्या पत्र्याचे, रिबिट मारून बसवलेले. झाकणाच्या कडेत तार घालून पत्रा वळवलाय, त्यामुळे कड हाताला लागत नाही आणि वाकतही नाही. मागच्या बाजूला तीन बिजागऱ्या, पुढे दोन कडी-कोयंडे. बाजूच्या कड्या खाली पाडल्या की पेटीला चिकटून बसतात, बर्थखाली सरकवताना अडकत नाहीत. आतून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्रायमर) दिलाय, बाहेरून काळा रंग. आतल्या रंगाचा एक हात कमी पडलाय, तळाच्या जोडापाशी पत्रा दिसतो. घरी आणल्यावर मी तिथं प्रायमर मारला आणि वर पुन्हा रंग दिला. आमच्यासारख्या दमट कोकणातून पेटी जाणार असेल तर हे जरूर करावं.

आमचं गाव विचारलं तेव्हा मी माणगाव म्हटलं. दुकानदार मापाची टेप गुंडाळत थांबला. “रायगडातलं? घाडग्यांचं?”

नाईक (हा फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगे आमच्या तालुक्यातले. माणगावात तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे हाताखालच्या छोट्या तुकडीवर, मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. ते एकटे पुढे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, तिच्यावरच्या एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. तहसीलच्या कामाला मी कित्येकदा त्या पुतळ्यासमोरून गेलोय. पोरगा त्याच रेजिमेंटच्या सेंटरमधून तयार होऊन बाहेर पडला आणि बेळगावच्या एका दुकानात गावाचं नाव काढताच ओळख पटली, तेव्हा माझी छाती खरोखर भरून आली. दुकानदारानं किंमत काही कमी केली नाही. चहा मात्र मागवला, आणि पोराला बसायला खुर्ची दिली, मला स्टूल. ते मला योग्य वाटलं.

आता त्या सकाळबद्दल लिहितो, कारण ट्रंक घ्यायला जाणारे सगळे आईबाप परेड बघूनच तिथं पोचतात.

मराठ्यांचं सेंटर बेळगावात १९२२ पासून आहे, आणि रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण १७६८ ची. हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं. तरीही मैदानावर बँड सुरू झाला आणि तुकड्या आत आल्या तेव्हा वाचलेलं काहीच आठवलं नाही. लाइट इन्फंट्रीची चाल जलद असते. डोक्याला हिरव्या टोप्या, त्यावर लाल-हिरवा तुरा. ओळंबा आणि लाइनदोरी घेऊन मी आयुष्यभर सरळ रेघा काढल्या आहेत, पण चालत्या माणसांची अशी सरळ रेघ कधी पाहिली नव्हती. हिनं पहिल्यांदा विचारलं, “आपला कुठला?” मी शोधला, सापडला नाही. पुन्हा शोधला. सगळे एका उंचीचे, एका हाताचे, एका टाचेचे दिसत होते. थोड्या वेळानं मी शोधणं सोडून दिलं आणि ती सगळी रांगच बघत बसलो. त्या रांगेत आपला पोरगा वेगळा दिसत नाही याचाच मला अभिमान वाटला. घरी दोन घमेली एका रेषेत ठेवायला सांगितली तरी कुरकुरणारा हा मुलगा.

झेंड्यासमोर शपथ झाली. शेकडो आवाज एकदम. शेवटी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ झालं तेव्हा आमच्या बाजूला बसलेले कोल्हापूरकडचे एक आजोबा, फेटा सांभाळत, उठून उभे राहिले आणि त्यांनीही जय म्हटलं. मग आम्ही सगळेच उभे राहिलो.

पोरगा भेटला तेव्हा आधी आईच्या पाया पडला, मग माझ्या. मी त्याचे तळहात बघितले. वेल्डिंग करणाऱ्याच्या हाताला घट्टे कुठे पडतात ते मला माहीत आहे. त्याच्या हाताला वेगळ्याच जागी होते, बोटांच्या बुडाशी आणि कोपराला. काही विचारलं नाही. खांद्यावर हात ठेवला तर खांदा हाताखाली पूर्वीपेक्षा टणक लागला.

पुन्हा दुकानाकडे. नाव रंगवणारा पेंटर वेगळा माणूस आहे, तो संध्याकाळी चारनंतरच येतो. परेडच्या दिवशी त्याच्यापुढे पेट्यांची रांग लागते, म्हणून पेटी दुपारीच पसंत करून नंबर लावून ठेवावा. तो स्टेन्सिल वापरत नाही. खडूनं दोन रेघा मारतो आणि पांढऱ्या इनॅमलनं सरळ ब्रशनं इंग्रजी अक्षरं काढतो. अक्षर देखणं आहे, ठेवण एकसारखी. वर नंबर (तो मी इथं लिहीत नाही, तुम्हीही मुलांचे नंबर किंवा युनिटचं नाव कुठं टाकू नका), त्याखाली ‘अग्निवीर’ आणि नाव.

आमच्या नावाला जागा अपुरी पडत होती. दीड इंची अक्षरात तीन शब्द बसेनात. पेंटर म्हणाला, मधलं काढू, आडनाव आणि नाव पुरे. मी ‘हो’ म्हणणारच होतो. पोरगा म्हणाला, “मधलं राहू दे. अक्षर बारीक करा.”

मधलं नाव माझं आहे.

इतकी वर्षं मी लोकांची गेटं बनवली. माणगावपासून महाडपर्यंत कितीतरी घरांना माझी ग्रिलं आहेत. त्यांतल्या एकावरही माझं नाव नाही, घरमालकाचं असतं आणि तसंच असायला हवं. पेंटरनं अक्षरं सव्वा इंचाची केली आणि मधल्या जागी माझं नाव काढलं. ब्रश हलका धरून, एकेका अक्षराला दोन हात देत. मी त्याच्या पाठीशी उभा राहून बघत होतो. हिनं माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही.

रंग वाळायला रात्र जाते. आम्ही पेटी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवून आणली, वरची बाजू कशाला घासू नये म्हणून हिनं तिच्या शालीची गुंडाळी लावली. आंबोलीच्या घाटातही अक्षर उमटलं नाही की पुसलं नाही.

सुट्टीत पेटी घरात पडवीवर होती. बघायला येणारे पेटीही बघून जात. माझ्या आईला वाचता येत नाही. तिनं नातवाला प्रत्येक शब्द बोटानं दाखवायला लावला आणि मधल्या शब्दावर बोट थोडं जास्त वेळ ठेवलं. जायच्या आदल्या दिवशी पोरानं सामान भरलं. उस्तादांनी शिकवलेल्या पद्धतीनं: कपड्यांच्या घड्या एका रुंदीच्या, बूट तळाशी, मच्छरदाणी एका बाजूला. रात्री दिवे नसले तरी हात घातला की हवं ते सापडलं पाहिजे, म्हणाला. त्यातच आईनं दिलेलं कुळथाचं पीठ आणि तांदळाचे पापड कसे बसवले ते मी बघत होतो. ९ इंची उंचीत सगळं बसलं, झाकण दाबायला लागलं नाही.

आता तक्रारी. कुलूप त्यांनी १५० रुपयांना दिलं होतं, चार दिवसांत किल्ली अडकायला लागली. मी बाजारातलं चांगलं कुलूप घेऊन बसवलं. कडी-कोयंड्याची भोकं जाड दांड्याच्या कुलपाला लहान पडतात, ती मी ड्रिलनं थोडी मोठी केली. ज्यांच्याकडे ड्रिल नाही त्यांनी कुलूप आधी घेऊन, तिथंच लावून बघावं. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. होल्डॉल मी बघितला पण घेतला नाही, पट्ट्यांची शिलाई एकेरी होती.

पैसे वाचवायचे म्हणून गावाकडून पेटी नेऊ नका. किंमतीत फार फरक नाही, आणि मुलगा बरोबर उभा राहून आपली पेटी निवडतो, नाव लिहून घेतो, ते तिथंच व्हायला हवं. आईबापांपैकी एकच जाऊ शकत असेल तरी पेंटर येईपर्यंत थांबा.

पेटीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कुलपाचा आणि आतल्या रंगाचा कापलाय. पोरगा युनिटला पोचल्यावर फोनवर म्हणाला, बर्थखाली बरोबर गेली. पहिल्या सुट्टीला येईल तेव्हा पेटी उलटी करून तळाचे जोड आणि बिजागऱ्या बघणार आहे, आणि थंडीत, बर्फात पत्र्याचं काय होतं ते इथं पुन्हा लिहीन.