काठीबाहुलीचं डोकं: थर्माकोलचं की कागदाच्या लगद्याचं?

काठीबाहुली, म्हणजे खालून काठ्यांनी हलवायची बाहुली, हात उंचावून चालवायची असते, त्यामुळे वजनात थर्माकोल सरळ जिंकतो. लगद्याचं भरीव डोकं असेल तर थोड्याच वेळात खांदा भरून येतो, मनगट थरथरायला लागतं. फुगवलेल्या फुग्यावर कागदाचे चार-पाच थर चढवून डोकं पोकळ ठेवलं, तर मात्र हा फरक पुष्कळ कमी होतो.

थर्माकोलची खरी किंमत बाहुली घडवताना मोजावी लागते. तापल्या तारेने कापताना निघणाऱ्या धुरात स्टायरीन हे अपायकारक रसायन असतं. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. कापडी मास्क हा धूर अडवत नाही, वाफा शोषणाऱ्या गाळणीचाच मास्क लागतो. मोकळी हवा आणि बाहेर हवा फेकणारा पंखा नसेल, तर मी मुलांच्या हाती ती तार देत नाही. घासताना उडणारी भुकटी आणखी वेगळी. शिवाय थर्माकोल भराभर पेटतो आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. सुका कागदही पेटतोच, म्हणून रंगमंचावरच्या तापलेल्या दिव्यांपासून दोन्ही लांब ठेवा.

लगदा अगदी निर्धोक समजू नका. कागद चिकटवायच्या खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी रीत आहे, आणि मोरचूद विषारी आहे. मुलं बोटांनी खळ फासतात, तीच बोटं तोंडात जातात. मी मैद्याची ताजी खळ करते आणि डोकं उन्हात कडकडीत वाळवते. आत ओल राहिली तर बुरशी धरते.

शाळेत मी पोकळ लगदाच निवडते. पुरुषभर उंचीच्या बाहुलीला मात्र थर्माकोल, तोही सुरीने कापलेला.