सही आहे, पण कुणाची? सिगचेकसोबतचे नऊ महिने

पहिले दोन महिने मी सिगचेक, म्हणजे फाइलवरची डिजिटल सही तपासणारा प्रोग्रॅम, चुकीच्या पद्धतीने वापरत होतो. आधी तेच सांगतो, कारण नवखा माणूस हमखास तिथेच फसतो.

आमचं तालुक्याच्या गावातलं दुकान. पुढे झेरॉक्स आणि डीटीपी, मागे मी आणि लोकांचे रुसलेले लॅपटॉप. शाळा सुरू झाल्या की गुरुजी मंडळी यायला लागतात. मराठी टायपिंगसाठी नाहीतर पीडीएफ जोडण्यासाठी कुठून तरी काहीतरी फुकटचं उतरवलेलं असतं. ब्राउझर उघडला की भलतंच पान येतं, कोपऱ्यात जाहिराती उड्या मारत असतात. अँटिव्हायरस मात्र 'सब ठीक' म्हणून हिरवा टिळा लावून बसलेला. त्याचंही फार चुकत नाही म्हणा. हा माल रूढ अर्थाने व्हायरस नसतो, आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करताना परवानगी आपणच दिलेली असते.

सिगचेक हे सिसइंटर्नल्स या विंडोजच्या हत्यारांच्या पेटीतलं एक छोटं हत्यार. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सुरू केलेली ही पेटी २००६ साली मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि आजही ती फुकट मिळते. इन्स्टॉल करायची भानगड नाही. पेनड्राइव्हवर टाकायचं, काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) कमांड मारायची. फाइलवर डिजिटल सही आहे का, असेल तर कुणाची आणि कधीची, हे ते सांगतं.

तर माझी चूक. मी प्रत्येक मशीनवर मायनस यू, मायनस ई, मायनस एस असं लावून मोकळा व्हायचो. ई म्हणजे फक्त चालणाऱ्या फाइली, एस म्हणजे आतले सगळे फोल्डर, आणि यू म्हणजे ज्यांवर सही नाही तेवढ्याच दाखव. जी यादी येईल ती तपासायची, बाकी सोडून द्यायचं. सही आहे म्हणजे घराणं चांगलं, असा माझा सरळ हिशेब.

मग एका गुरुजींचा लॅपटॉप तिसऱ्यांदा परत आला. "अरे, तू पैसे घेतलेस, पण ती बाई अजून कोपऱ्यात नाचतेय!" माझी यादी मात्र कोरी. वैतागून यू काढला आणि ॲपडेटा हा प्रोग्रॅम आपलं सामान ठेवतात तो लपलेला फोल्डर पुन्हा घुसळला. सापडली एक 'अपडेटर' नावाची फाइल. 'व्हेरिफाइड' पुढे 'साइन्ड', अगदी स्वच्छ. खाली 'कंपनी'च्या रकान्यात एक भारदस्त नाव आणि 'पब्लिशर'च्या रकान्यात तिसरंच, कधी न ऐकलेलं. सहीची तारीख गुरुजींनी ते टायपिंगचं सॉफ्टवेअर उतरवण्याच्या चार दिवस आधीची.

हे दोन रकाने नीट समजून घ्या. 'कंपनी' हा मजकूर फाइल बनवणारा स्वतः लिहितो, मनाला येईल ते लिहू शकतो. 'पब्लिशर' हे नाव सहीसोबतच्या सर्टिफिकेटातून, म्हणजे सही करणाऱ्याच्या ओळखपत्रातून येतं. सर्टिफिकेट देणारी संस्था एवढंच बघते की अर्ज करणारा तोच आहे का. त्याचा प्रोग्रॅम पुढे काय उद्योग करतो, हा तिचा विषयच नाही. आधार कार्ड दाखवलं म्हणून भाडेकरू भाडं वेळेवर देईलच असं थोडंच आहे? ॲडवेअरवाले, म्हणजे जाहिराती लादणारे प्रोग्रॅम बनवणारे, रीतसर कंपनी काढतात, रीतसर पैसे भरून सर्टिफिकेट घेतात आणि रीतसर त्रास देतात.

त्या दिवसापासून मायनस व्ही जोडल्याशिवाय कमांड मारत नाही. व्ही लावला की प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, व्हायरसटोटल या संकेतस्थळाला विचारला जातो आणि तिथल्या सत्तरेक अँटिव्हायरस इंजिनांपैकी कितींनी बोट दाखवलं ते समोर येतं. मुख्य म्हणजे व्हीसोबत यूचा अर्थच बदलतो. मग सही असो वा नसो, ज्यांवर एखाद्या तरी इंजिनाने आक्षेप घेतलाय किंवा ज्या व्हायरसटोटलला माहीतच नाहीत, त्या फाइली दिसतात. गुरुजींच्या त्या 'साइन्ड' फाइलवर एकोणीस आक्षेप होते. दोन महिने मी चाळणी उलटी धरली होती.

'अननोन' आलं की लगेच घाबरू नका, पण सोडूही नका. इथे एक गंमत आहे. सही जिथे साठवलेली असते तो फाइलचा भाग सहीच्या हिशेबात धरलेला नसतो. त्यामुळे तिथे मागाहून काही कोंबलं तरी सही शाबूत राहते आणि फाइलचा हॅश मात्र बदलतो. काही इन्स्टॉलर याच जागेत डाउनलोड कुठून झालं त्याची खूण ठेवतात. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१३ मध्ये याची कडक तपासणी आणली, पण २०१४ मध्ये ती ऐच्छिक करून टाकली. म्हणजे एकच इन्स्टॉलर, तीच सही, आणि व्हायरसटोटलच्या लेखी दरवेळी नवीन फाइल.

उलट्या बाजूचाही अनुभव आहे. ओळखीच्या एका मुलाने जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा छोटा प्रोग्रॅम केलाय. सही नाही, तीन इंजिनांचे आक्षेप, आणि प्रोग्रॅम देवमाणूस. सर्टिफिकेटला दरवर्षी हजारो रुपये मोजायचे, त्यात जून २०२३ पासून सही करायची गुप्त किल्ली पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित हार्डवेअरमध्ये ठेवायची सक्ती. फुकट वाटणाऱ्या पोराने हे कुठून करायचं? दोनतीन अनोळखी इंजिनांचा आरडाओरडा मी आता मनावर घेत नाही. पंधराच्या पुढे आकडा गेला की मात्र खुर्ची पुढे ओढतो.

आकडा शून्य आला म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. २०१७ साली मशीनमधला कचरा साफ करणाऱ्या सीसीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत परस्पर कुणीतरी मागचं दार बसवलं होतं. ती सुमारे २२.७ लाख मशीनवर गेली, आणि सही अस्सल होती.

तक्रारी आहेतच. देवनागरी नावाचे फोल्डर काळ्या खिडकीत नुसते चौकोन दिसतात. 'नवीन फोल्डर'मध्ये सगळं कोंबणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा चांगलाच ताप आहे. नेट मंद असेल तर मोठा फोल्डर संपेपर्यंत चहा होतो. आणि व्हीला एस चिकटवला, म्हणजे व्हीएस, की अनोळखी फाइली थेट व्हायरसटोटलवर चढतात. तिथे चढलेली फाइल इतर अभ्यासकांच्या हाती पडू शकते. गिऱ्हाइकाच्या मशीनवर मी हे कधीच करत नाही. नुसता हॅश गेला तर फाइल घरातच राहते.

कमांडची धास्ती असेल त्यांनी त्याच पेटीतलं ऑटोरन्स घ्यावं. सही तपासणं आणि व्हायरसटोटल दोन्ही त्याच्या पर्यायांत आहेत, आणि मशीन सुरू होताना काय काय उठतं ते एका नजरेत दिसतं. ॲडवेअर शेवटी तिथेच घर करतं.

अलीकडे मायनस टीव्हीची सवय लागलीय. मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत न बसणारी सर्टिफिकेटं ते काढून दाखवतं. २०१५ साली गाजलेलं लेनोवो लॅपटॉपांवरचं सुपरफिश आठवतंय? जाहिराती घुसवायला त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेटच (ज्याच्या भरवशावर मशीन बाकीची सर्टिफिकेटं खरी मानतं ते) बसवलं होतं, तसला प्रकार यात पकडता येतो. परवा कर सल्लागार काकांच्या मशीनवर चालवलं तर दोन अनोळखी नावं आली. मी उडवायला हात उचलला तेवढ्यात काका ओरडले, "थांब रे, डीएससीचं सॉफ्टवेअर टाकलं तेव्हापासूनची आहेत ती!" तपासलं, खरंच निघालं. डीएससी म्हणजे रिटर्नवर करायची डिजिटल सही; तिचं टोकन त्या सर्टिफिकेटांच्याच जोरावर चालत होतं. तारीख होती अठरा, आणि जीएसटीचं रिटर्न वीसला.